मित्रगृहीचा एक दिवस : वऱ्हाडच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पान

इतिहासकारांस निवांत दिवसांचे वावडे असते. लढाई झाली, तह झाला, परिषद भरली, कायदा संमत झाला, की त्या दिवसाची तिथी व साल ग्रंथांत नमूद होते. परंतु ज्या दिवशी चार स्नेही एकाच्या घरी जमले, जेवले, पान खाऊन घटकाभर लवंडले आणि दिवेलागणीपर्यंत बोलत बसून आपापल्या घरी गेले, त्या दिवशी नोंद घेण्यासारखे असे काय घडले, हा प्रश्न कोणीही विचारील. आमचे म्हणणे असे की, निदान वऱ्हाड प्रांतापुरते तरी या प्रश्नाचे उत्तर 'पुष्कळ काही घडले' असेच द्यावे लागते. सन १८८० नंतरच्या चाळीसएक वर्षांत अमरावती व अकोला या दोन शहरांत जे सार्वजनिक जीवन उभे राहिले, त्याची मुळे सभामंडपापेक्षा स्नेह्यांच्या ओसरीत अधिक खोल गेलेली आढळतात. त्या ओसरीचे गुण काय होते, तिची किंमत कोणी दिली आणि तिच्या पायरीखाली कोण उभे राहिले, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

मित्राकडे एका दिवसापुरते जाणे ही गोष्ट इतकी साधी वाटते की, तिलाही काही इतिहास असेल हे सहसा ध्यानात येत नाही. जुन्या काळी परगावचा पाहुणा एका दिवसासाठी येतच नसे. वऱ्हाडची जमीन काळी, कापसाची. पाऊस पडला की गाडीची चाके आसापर्यंत रुतावयाची आणि चार महिने गावोगावचे दळणवळण जवळजवळ बंद पडावयाचे. उन्हाळ्यात दमणी जुंपून अकोल्याहून अमरावतीस जावयाचे म्हटले तरी वाटेत मुक्काम करणे भाग असे. एवढे कष्ट करून आलेला पाहुणा आठ-पंधरा दिवस राहिल्यावाचून कसा परतेल? त्यामुळे त्या काळचे जाणे-येणे लग्नकार्य, यात्रा अगर सुतक यांच्या निमित्तानेच व्हावयाचे. नुसते भेटीसाठी भेटणे ही चैन परगावच्या मित्रास परवडणारी नव्हती.

ही स्थिती दोन गोष्टींनी पालटली. पहिली आगगाडी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळ-नागपूर वाट १८६७ साली पुरी झाली आणि अकोला तिच्यावर आले. अमरावती मुख्य वाटेपासून सहा मैल बाजूस राहिली, परंतु पुढे बडनेऱ्याहून तिलाही फाटा मिळाला. अकोला ते बडनेरा हे अंतर सुमारे पन्नास मैलांचे. म्हणजे सकाळी निघालेला मनुष्य जेवणाच्या वेळेस अमरावतीस मित्राच्या पाटावर बसू शकेल आणि रात्री आपल्या घरी येऊन निजू शकेल. दुसरी गोष्ट रविवार. आमच्याकडे कुणब्याचे बैल सुटावयाचे ते अमावास्येस व पोळ्यास. ब्राह्मणाचा अनध्याय प्रतिपदेस व अष्टमीस. गावातील सर्व कामकरी शिकलेल्या मंडळीस एकाच वेळी मोकळे करणारा वार आपल्या पंचांगात नव्हता. तो इंग्रजी कचेऱ्यांनी व कोर्टांनी आणला. आगगाडी व रविवार ही दोन्ही परक्या राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी आणलेली. पण त्यांच्या संयोगाने वऱ्हाडच्या सुशिक्षितांस मित्रभेटीचा दिवस सापडला, आणि त्या दिवसाचा त्यांनी जो उपयोग केला तो राज्यकर्त्यांच्या हिशेबात खचित नव्हता.

या भेटी करणारा वर्गही तेव्हा नवा होता. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजून तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसास कधी न मिळालेला भाव आला. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' या म्हणीची साक्ष पटावी असेच ते दिवस होते. पैसा आला, जमिनीस किंमत आली, तिच्यावर कर्ज मिळू लागले, आणि कर्जामागोमाग फिर्यादी आल्या. फिर्यादी आल्या तेथे वकील आले. मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकलेले, मिल्ल व स्पेन्सर वाचलेले तरुण अमरावती-अकोल्यास बिऱ्हाड करून राहिले. हाती पैसा होता, डोक्यात नवे विचार होते, आणि मुंबई-पुण्यासारखी गर्दी भोवताली नव्हती. चार समानशील माणसे मिळाली तर ती एकमेकांस धरून राहणार हे स्वाभाविकच होते.

अमरावती शहर या बाबतीत मोठे बोलके आहे. पेंढाऱ्यांपासून धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून १८०७ साली निजामाच्या सरकारने शहरास दगडी परकोट घालण्यास आरंभ केला. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. ज्या गावाने रात्र झाली की वेशी लावून घेण्याची सवय केली होती, त्याच गावात दोन पिढ्यांच्या आत परकोटाबाहेर मोकळ्या बागांतून वकिलांचे बंगले झाले आणि त्यांची दारे येणाऱ्या-जाणाऱ्यास दिवसभर उघडी राहू लागली. परकोटाच्या आतून बाहेर येण्यास गावास जो विश्वास लागला, त्याचे पहिले शिक्षण या घरांतून मिळाले असे म्हणण्यास हरकत नाही.

या घरांत अग्रपूजेचा मान अर्थातच गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे यांच्या घराचा. त्यांचा जन्म १८५४ चा. १८७७ साली पदवी घेऊन व १८८४ साली कायद्याची परीक्षा देऊन ते काही वर्षे वऱ्हाडात सरकारी नोकरीत होते. १८९० पासून त्यांनी अमरावतीस वकिली मांडली आणि ती अशी काही चालली की, मिळकत आणि औदार्य या दोहोंमुळे लोक त्यांस 'वऱ्हाडचे नबाब' म्हणू लागले. संस्कृत, इंग्रजी, वेदान्त, संगीत, नाटक आणि राजकारण या सर्वांत त्यांस रस होता. पंगत उठली नाही असा दिवस त्यांच्या घरी क्वचित उजाडला असेल. त्यांच्या शेजारी दुसरे नाव रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांचे. जन्म १८५७. वऱ्हाड सार्वजनिक सभेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. काँग्रेसच्या वतीने १८९० साली विलायतेस गेलेल्या शिष्टमंडळात सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्याबरोबर ते होते. उद्योगधंद्यांच्या उन्नतीचा त्यांस ध्यास होता. तिसरे मोरोपंत विश्वनाथ जोशी, पुढे सर मोरोपंत. बुद्धीने शांत, सामाजिक सुधारणेचे कैवारी. १९२८ साली संमतिवयाच्या चौकशीसाठी सरकारने जी समिती नेमली तिचे ते अध्यक्ष होते.

तिघेही वकील, तिघेही एका गावचे, आणि तिघांची मते तीन वाटांनी जाणारी. दादासाहेब टिळकांचे जिवलग, मुधोळकर सनदशीर मार्गाचे पक्के, मोरोपंत सुधारक. एखाद्या मोठ्या शहरात ही तीन माणसे तीन पेठांत तीन वर्तमानपत्रे काढून राहिली असती आणि एकमेकांचे लेख वाचून एकमेकांविषयी आपले मत बनविती. लहान गावात ती सोय नसते. सकाळी ज्याच्यावर टीका केली, तो अकरा वाजता वकिलांच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर बसावयाचा, आणि त्याच्या घरी मुंज असली तर सायंकाळी अक्षता टाकावयास जावयाचे. या सक्तीच्या शेजारातून जी रीत निर्माण झाली तिला आम्ही वऱ्हाडची बैठक म्हणतो.

बैठकीचे साहित्य अगदी साधे. एक सतरंजी, वर पांढरी चादर, भिंतीशी लोड-तक्के, पानाचे तबक व अडकित्ता. ओसरीवर बंगई असली तर तिच्यावर घरातील वडीलधाऱ्याने बसावयाचे. दहाच्या सुमारास मंडळी येऊ लागत. बोलण्यास विषय ठरलेला नसे, आणि हेच तिचे मुख्य लक्षण. कापसाचा भाव, कलेक्टरची बदली, नुकतेच पाहिलेले नाटक, पंचदशीतील एखादा श्लोक, कोणाच्या मुलीचे स्थळ, विलायतेतील निवडणूक, हे सारे एकाच दमात चालावयाचे. सभेत वक्त्यास आपले मत शेवटपर्यंत ओढून न्यावे लागते, कारण समोर लोक बसलेले असतात. बैठकीत अर्ध्यावर सोडून देता येते, दुसऱ्याचे म्हणणे पटले तर सुपारी कातरता कातरता नुसती मान हलविता येते. त्याची ना टाळी वाजते ना नोंद होते. दुपारी पंगत. भाकरी, अंबाडीची भाजी, वरणभात, सणवार असल्यास पुरणपोळी व तुपाची वाटी. थंडीच्या दिवसांत कोणाच्या मळ्यावर हुरडा. मग घटकाभर वामकुक्षी, आणि उन्हे उतरली की पुन्हा बोलणे.

हे सारे कल्पनेने रंगविले आहे असे कोणास वाटेल, म्हणून दादासाहेबांच्या रोजनिशीकडे लक्ष वेधतो. ही इंग्रजी रोजनिशी त्यांनी वर्षानुवर्षे चालविली आणि ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेली आहे. टिळकांच्या राजकारणाचे संशोधक तिच्यात गुप्त मसलती शोधावयास जातात. ज्याचा दाखला सर्वांस सहज पाहता येईल असा भाग म्हणजे १९१० च्या डिसेंबरातील व १९११-१२ च्या हिवाळ्यातील शिर्डीच्या मुक्कामाचा, कारण तो छापून प्रसिद्ध झाला आहे. त्यात चमत्कारांपेक्षा अधिक काय असेल तर माणसे. सकाळी कोण भेटले, कोणाशी बोलत बसलो, कोणी काय वाचून दाखविले, रात्री भजन कोणी केले, याची नोंद हा गृहस्थ नियमाने करतो. अमरावतीची बैठक त्याने तेथेही नेली. हरि सीताराम दीक्षितांसारखे मुंबईचे सॉलिसिटर तिच्यात येऊन बसले. ज्याने आपल्या आयुष्याचे रोजचे माप कोण भेटले यावरून घेतले, त्याच्या दृष्टीने मित्रभेट हा कामातून काढलेला वेळ नसून तेच एक काम होते, असे अनुमान केल्यास चूक होणार नाही.

या बैठकीने काय साधले ते १८९७ साली सर्व हिंदुस्थानाने पाहिले. ते वर्ष मोठे कठीण होते. दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, मुंबई-पुण्यास प्लेगचा कहर, जूनमध्ये पुण्यास रँडचा खून, सप्टेंबरात टिळकांस अठरा महिन्यांची शिक्षा, आणि सरकारची नजर प्रत्येक मराठी पुढाऱ्यावर. अशा समयी राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन डिसेंबरात भरले ते अमरावतीस. अध्यक्ष मद्रासचे सी. शंकरन् नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. सुमारे सातशे प्रतिनिधी आले. सुरेंद्रनाथांनी तुरुंगात असलेल्या टिळकांविषयी जी सहानुभूती तेथे प्रकट केली, ती त्या अधिवेशनाची चिरस्मरणीय गोष्ट होय. मुंबई, कलकत्ता, मद्रास यांसारख्या राजधान्यांच्या पंक्तीत बसण्यासारखे अमरावतीपाशी काय होते? विद्यापीठ नव्हते, हायकोर्ट नव्हते, गिरण्यांचे मालक नव्हते. होते ते एवढेच की, निरनिराळ्या मतांची माणसे वर्षानुवर्षे एकमेकांच्या घरी जेवलेली असल्यामुळे संकटसमयी एकमेकांच्या शब्दावर विसंबू शकत होती. भीतीच्या काळात हे भांडवल फार मोठे असते.

परंतु स्नेहाने सर्व साधते असे आम्ही म्हणणार नाही. दहा वर्षांनी, १९०७ च्या डिसेंबरात, सुरतेस राष्ट्रीय सभा फुटली. दादासाहेब टिळकांच्या बाजूस, मुधोळकर मवाळांच्या बाजूस. अमरावतीच्या ओसरीवर झालेली हजार बोलणी त्या मंडपातील खुर्च्यांची फेकाफेक थांबवू शकली नाहीत. मतभेद खरे असतील तर ते पंगतीत वाढलेल्या तुपाने विरघळत नाहीत, आणि विरघळूही नयेत. पुढल्याच वर्षी टिळकांस सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस धाडण्यात आले. तेव्हा चालती वकिली सोडून दादासाहेब त्यांच्या अपिलाच्या खटपटीसाठी विलायतेस गेले आणि १९१० साली परतले. मित्राच्या घरी सुखाने दिवस घालविणारा मनुष्य मित्राच्या संकटात दोन वर्षे घालवू शकतो, याचे हे उदाहरण आहे. ज्यांस बैठक म्हणजे निरुद्योग्यांचा उद्योग वाटतो त्यांनी ते विसरू नये. आणि मवाळ झाले म्हणून मुधोळकर अमरावतीस परके झाले नाहीत. १९१२ साली बांकीपूरच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद त्यांस मिळाले, तो मान सर्व वऱ्हाडचा होता.

आता अकोल्याकडे वळू. मोर्णेच्या काठी असदगडाच्या आश्रयाने वाढलेले हे गाव अमरावतीहून अधिक व्यापारी. कापसाच्या गाड्या, जिनांचा धूर, सरकीचे ढीग ही त्याची ओळख. तथापि वाङ्मयाच्या बाबतीत अकोल्याचे ऋण महाराष्ट्राने मानले पाहिजे. येथे शिक्षणखात्यातील थोर अधिकारी विष्णु मोरेश्वर महाजनी यांचे वास्तव्य होते. शेक्सपिअरच्या सिंबेलिनवरून त्यांनी रचलेले 'तारा' नाटक रंगभूमीवर आले, आणि १९०७ साली पुण्यास भरलेल्या ग्रंथकारांच्या संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे शिक्षण बुलढाणा व अकोला येथे झाले; त्यांनी वकिली केली तीही अकोला, खामगाव आणि पुढे जळगाव-जामोद येथे. 'वीरतनय' नाटकाने १८९६ साली नाव मिळविलेला हा लेखक पुण्या-मुंबईस न राहता वऱ्हाडातच राहिला, आणि राम गणेश गडकऱ्यांसारखे शिष्य त्यास गुरू मानून त्याच्याकडे पाहू लागले. १९१२ साली, म्हणजे मुधोळकर बांकीपुरास अध्यक्ष झाले त्याच वर्षी, अकोल्यास साहित्य संमेलन भरले व हरि नारायण आपटे अध्यक्ष म्हणून आले.

कोल्हटकरांनी १९०२ पासून जे विनोदी लेख लिहिले ते 'सुदाम्याचे पोहे' या नावाने मराठी वाचकांच्या घरोघर पोहोचले. त्यांत सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या असे तीन स्नेही आहेत. ते एकमेकांकडे जातात, बोलतात, वाद घालतात, नसते बेत करतात आणि फजीत होतात. त्या निमित्ताने आपल्या समाजातील खुळ्या रूढी, वृथा अभिमान व खोटी धार्मिकता यांचा समाचार घेतला जातो. मराठी विनोदी निबंधाचा पाया मित्रांच्या बैठकीवर घातला गेला, हा केवळ योगायोग आम्ही मानीत नाही. उपदेशकाच्या तोंडून ऐकलेला दोष मनुष्यास झोंबतो. मित्राने थट्टेत दाखविला तर तो हसतो, आणि हसल्यावर त्यास तो दोष दिसू लागतो. वऱ्हाडच्या ओसरीवर ही कला रोज चालत होती. कोल्हटकरांनी तिला ग्रंथात स्थान दिले. नावही किती अन्वर्थक! पुराणातील सुदामा द्वारकेस गेला तो मूठभर पोहे घेऊन, आणि मागावयास गेलेला असून काही न मागता परतला. मित्रगृही जाण्याचा याहून चांगला दंडक आम्हांस ठाऊक नाही.

येथवर बैठकीचे गुण सांगितले. आता तिचे देणे कोणी चुकते केले, हे सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. पहिले देणे घरातील स्त्रियांचे. ओसरीवर वीस माणसे बोलत होती तेव्हा माजघरापलीकडे चुलीशी कोण होते? दादासाहेबांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या हातून उठलेल्या पंगतींची गणती कोणी ठेवली नाही. मोरोपंतांच्या पत्नी यशोदाबाई जोशी यांनी मात्र आपल्या आठवणी सांगून ठेविल्या. 'आमचा जीवनप्रवास' या नावाने त्या १९६५ साली प्रसिद्ध झाल्या. एरवी या काळाचा सर्व इतिहास पुरुषांच्या रोजनिशींतून व चरित्रांतून आपल्यापर्यंत आलेला. तोच दिवस, तेच घर, परंतु ओसरीवर तो विश्रांतीचा होता आणि स्वयंपाकघरात श्रमाचा. निवांत दिवस ही सर्व घराची मिळकत होती. वाटणी मात्र सारखी नव्हती.

दुसरे देणे कुणब्याचे. वकिलास जो मोकळा वेळ मिळाला तो फीच्या पैशावर, आणि फीचा पैसा आला तो बहुतांशी कर्जाच्या व जमिनीच्या दाव्यांतून. भाव चढला तेव्हा घेतलेले कर्ज भाव उतरल्यावर फिटेना. जमीन सावकाराकडे गेली. दावा चालविणारे दोन्ही बाजूंचे वकील रविवारी एका सतरंजीवर बसले. त्यांतील कित्येकांनी शेतकऱ्याच्या दैन्याविषयी कळकळीने लिहिले व भाषणे केली हे खरे. पण ज्याच्याविषयी बोलणे चालले होते तो त्या सतरंजीवर नव्हता, हेही तितकेच खरे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. ज्या ओसरीवर जहाल आणि मवाळ, सनातनी आणि सुधारक एकत्र बसू शकले, तिच्या पायरीवर अस्पृश्य मानलेल्या माणसास पाय ठेवता येत नव्हता. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन नाटकगृहात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न गावासमोर उभा राहिला. तीस वर्षांपूर्वी याच गावाने सर्व देशाच्या प्रतिनिधींचे स्वागत केले होते. आता गावातीलच माणसे गावच्या देवीच्या दारात उभी राहून आम्ही पाहुणे की परके, असे विचारीत होती. डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे तरुण या चळवळीत त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्याच पंजाबरावांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढून कुणब्याच्या मुलांस शिक्षणाची वाट करून दिली. जुन्या बैठकीने मतभेद सोसण्याचा गुण शिकविला, परंतु तो आपल्यासारख्यांपुरताच. मतांच्या भिंती तिने ओलांडल्या. जातीची भिंत तिला दिसलीच नाही, कारण तिचा स्वतःचा पाया त्याच भिंतीला लागून होता.

मग या निवांत दिवसाचे आज आपण काय करावे? तो ढोंगी व स्वार्थी होता म्हणून इतिहासाच्या अडगळीत टाकावा, असे एक मत आमच्या तरुण विद्यार्थ्यांत आढळते. जुने ते सोने म्हणून त्याची आरती करावी, असे दुसरे मत त्यांच्या आजोबांत आढळते. दोहोंपैकी एकही आम्हांस पटत नाही. ओसरी लहान होती हा तिचा दोष. ती होती हा गुण. दोष काढावयाचा म्हणजे ओसरी वाढवावयाची, मोडावयाची नव्हे. आज काय दिसते? जहाल-मवाळांहून शतपट तीव्र मतभेद घराघरांत आहेत, आणि ज्याचे मत आपल्याहून भिन्न त्याच्याशी बोलण्याचा प्रसंग येणार नाही अशी सोय यंत्रांनी करून दिली आहे. आम्हांस आठवते, आमच्या बालपणी अकोल्यास रविवारी सकाळी दार लोटलेलेच असावयाचे. वडिलांशी ज्यांचे राजकारणात कधी जमले नाही असे एक काका दर पंधरवड्यास वर्दी न देता यावयाचे, वाद घालावयाचे, रागावून उठावयाचे, आणि आईने "भाऊजी, जेवूनच जा" म्हटले की पुन्हा बसावयाचे. आता भेटीपूर्वी फोन करण्याची रीत पडली आहे. रीत वाईट नाही. परंतु फोन आपण ज्याच्याशी पटते त्यालाच करतो.

अकोला-अमरावतीचे अंतर आज मोटारीने दोन तासांचे झाले आहे आणि रविवारखेरीज शनिवारही पुष्कळांस मोकळा असतो. म्हणजे दादासाहेबांच्या पिढीस जी साधने कौतुकाची वाटली ती आपल्यापाशी दुपटीने आहेत. उणीव असेल तर एका दिवसाचा काही हिशेब न मागता तो मित्राच्या स्वाधीन करण्याच्या वृत्तीची. त्या दिवशी स्वयंपाक सर्वांनी मिळून करावा, सतरंजीवर घरातील स्त्रियांनीही बसावे, जातीने व मताने जो आपल्या घरी कधी आला नाही त्यास आग्रहाने बोलवावे आणि त्याच्याकडेही जेवावयास जावे. १८९७ च्या संकटात अमरावतीस जो परस्परविश्वास उपयोगी पडला तो असाच, पंगतीगणिक, वर्षानुवर्षे साठत गेला होता. आणि जेथे पंगत पोहोचली नाही तेथे तो साठला नाही, हे १९२७ साली दिसून आले. या दोन सालांमध्ये वऱ्हाडच्या मित्रभेटीचा सारा इतिहास आहे, आणि तो वाचून एखाद्या कुटुंबाने येता रविवार तशा एका भेटीसाठी राखून ठेवला, तर हा लेख लिहिल्याचे आम्हांस समाधान वाटेल.